चाळिशी आणि मेडिकलची मुदत

पायलट व्हायला निघालेल्या पुतण्याबद्दल विचारताना तुम्ही म्हटलंय की चाळिशी उलटली की क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं वैद्यकीय प्रमाणपत्र, सहाच महिने चालतं. सरसकट तसं नाही. आंतरराष्ट्रीय नियमात मुदत १२ महिन्यांचीच आहे. चाळिशीनंतर ती निम्मी होते ती एकट्या पायलटने व्यावसायिक प्रवासी विमान चालवायचं असेल तर. साठीनंतर मात्र व्यावसायिक हवाई वाहतुकीत सगळ्यांनाच सहा महिने.

खरी गंमत वय कुठल्या दिवशीचं धरतात यात आहे. अमेरिकेने २००८ मध्ये चाळिशीच्या आतल्यांसाठी थर्ड क्लासची (हौशी पायलटच्या मेडिकलची) मुदत तीनवरून पाच वर्षं केली, आणि वय बघतात ते तपासणीच्या दिवशीचं. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर गाठला की जवळपास पंचेचाळिशीपर्यंत निवांत! युरोपवाल्यांनी ही फट बुजवली; तिथे चाळिशीआधी काढलेलं क्लास टू (तिकडचं हौशी पायलटचं मेडिकल) बेचाळिशीपर्यंतच चालतं.

सांबऱ्यात, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, फ्लाइंग स्कूल आल्यापासून आमच्या बेळगाव-खानापूरकडची पोरं क्लास टूवर खूश होऊन फी भरून मोकळी होतात. व्यावसायिक लायसन्सला क्लास वनच लागतं. माझा भाचा आधी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला जाऊन ते करून आला, मग घरच्यांनी कर्जाच्या कागदावर सही केली. तुमच्या पुतण्यालाही तेच सांगा.