मदत हवी आहे: स्पीड १०० येतो, तरी ऑनलाइन गाण्याच्या क्लासमध्ये आवाज तुटतो

अबोली
मी साताऱ्यात गाणं शिकवते. न्यू जर्सीतल्या तीन मुली शनिवार-रविवारी संध्याकाळी साडेसातला झूमवर असतात. महिनाभर वैताग आलाय. मी सा लावला की तिकडे त्याचे तुकडे होतात. स्पीडटेस्टला ९५ दिसतो. केबलवाला म्हणतो स्पीड पूर्ण आहे, हवं तर २०० चा प्लॅन घ्या. ५० वरून १०० केला तेव्हाही काडीचा फरक पडला नव्हता. घेऊ का २०० चा? आज क्लास आहे, लवकर सांगा.

मंगळवेढेकर
वायफाय की वायर? तुटतं कुणाकडे, तुमच्याकडे की मुलींकडे? अपलोड, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणारा स्पीड, किती?

सोनचाफा
झूम तानपुऱ्याला गोंगाट समजून दाबतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. माझ्या पेटीचं असंच व्हायचं.

भटकंती
मेश घ्या, म्हणजे घरभर वायफाय पोचवणारे जोडीचे डबे. आमच्या दुमजली घरात तीन डबे बसवले, तेव्हापासून तक्रार नाही.

मंगळवेढेकर
भटकंती, त्या वायफाय वापरतात का हेच अजून कळलेलं नाही.

अबोली
वायरच आहे, पहिल्यापासून. मला मुलींचा आवाज स्वच्छ येतो, माझाच त्यांना तुटतो. अपलोड १०. ओरिजिनल साउंड दोन वर्षं चालूच आहे.

तारयंत्र
म्हणजे अडचण अपलोडच्या रांगेत आहे. गाण्याच्या आवाजाला शे-दोनशे केबीपीएस, म्हणजे ०.१-०.२ एमबीपीएस, पुरतात. घरातलं दुसरं काहीतरी अपलोड भरून टाकत असणार. रस्ता भरला की राउटर डेटाची पाकिटं टाकून न देता साठवत बसतो. साठा १ एमबीचा असला तर १० एमबीपीएसवर तो रिकामा व्हायला पाऊण सेकंदाहून जास्त लागतो, आणि तुमचा सा त्या रांगेत मागे उभा. बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, अशी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) शिफारस आहे. रांग साचून होणाऱ्या या उशिराला बफरब्लोट म्हणतात. स्पीडटेस्टच्या मोठ्या आकड्यात तो दिसत नाही. लॅपटॉपवर ८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग चालू ठेवा, म्हणजे जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते दिसेल, फोनवरून एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा आणि आकडे इथे टाका.

अबोली
एरवी २२ मिलिसेकंद. व्हिडिओ चढताना ८१०!! आता आठवलं, नवरा शनिवारी पुण्याहून येतो आणि त्याच्या फोनचे फोटो घरी आल्यावर बॅकअपला लागतात. अंगणातले दोन कॅमेरेही क्लाउडवर आहेत, ते गेल्याच महिन्यात बसवले. यांचा क्लासशी संबंध असेल असं वाटलंच नाही.

भटकंती
मग अपलोडच वाढवून घ्या, विषय संपला.

तारयंत्र
अपलोड ५० झालं तर बॅकअप लवकर आटपेल, मान्य. पण चालू असेल तोवर रांग लागणारच, कारण तो मिळेल तेवढा रस्ता व्यापतो. आणि २०० च्या प्लॅनमध्ये अपलोड वाढतं का, ते आधी विचारा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालेल असा राउटर घेऊन त्यात एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी सोय, लावा, अपलोड ९ वर बांधा. मग रांग तुमच्या ताब्यात येते आणि त्यातली केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने सोडते. एक एमबीपीएस जातो, तो जाऊ द्या.

सोनचाफा
हे केल्यावर मुलींबरोबर एकाच वेळी गाता येईल का?

तारयंत्र
नाही. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या वर आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद कमीत कमी. लयीत एकत्र गायला २५-३० च्या वर उशीर चालत नाही. आधी गुरू, मग शिष्य, असंच शिकवावं लागेल.

अबोली
तसंच शिकवते. आज बॅकअप थांबवला, कॅमेरे काढून ठेवले. तासभर एकदाही तुटलं नाही, धाकटीने भूपाचा आलाप सलग ऐकला. तारयंत्र, मनापासून आभार. पण कॅमेरे कायमचे बंद ठेवता येणार नाहीत, आठवडाभर सासूबाई दुपारी एकट्या असतात. ३ हजारांत कोणता राउटर येईल?

मंगळवेढेकर
आधी केबलवाल्याच्या डब्याखालचा मॉडेल नंबर टाका. त्याला ब्रिज मोड आहे का, म्हणजे राउटरचं काम तो नव्या राउटरवर सोडतो का, ते बघून सांगतो.