स्टिल्टमधल्या बेवारस सायकली आणि वनाज मेट्रो : पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सचिव, ए-१०४ : मंडळी, इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या २३ सायकलींवर नोटीस लावूनही कोणी हक्क सांगितलेला नाही. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे. बी-६०२ काकांची सूचना अशी, की त्यातल्या दहा दुरुस्त करून वनाज मेट्रोपर्यंत जाण्या-येण्यासाठी सगळ्यांच्या वापरात ठेवाव्यात. ज्यांना शेअर सायकलींची माहिती आहे त्यांनी नीट सविस्तर लिहा, म्हणजे शनिवारच्या मीटिंगमध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

सी-३०३ : कल्पना छान आहे, पण आधी गणित बघू. सकाळी साडेआठला इथून सायकल घेऊन गेलेला माणूस ती वनाजला लावणार आणि मेट्रोत बसणार. संध्याकाळी तो परत येईपर्यंत सायकल तिथेच. म्हणजे दहा सायकलींत दहाच जणांची सोय, आणि लवकर निघणारे रोज तेच दहा जण. हे शेअरिंग नव्हे. शेअर सायकलचा सगळा जीव एका सायकलच्या दिवसभरातल्या फेऱ्यांवर असतो. आयटीडीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेत चांगल्या योजनेसाठी दर सायकलमागे दिवसाला चार ते आठ फेऱ्या धरल्यात. आपल्या दोनच होतील.

ए-७०१ : मग वॉचमननी दुपारी परत आणून ठेवल्या तर?

सी-३०३ : एका खेपेला एकच सायकल येते ताई. चालत खाली जायचं, चढावरून सायकल घेऊन यायची, एका सायकलला अर्धा तास. मोठ्या शहरांत यासाठी टेम्पो फिरतात आणि योजनेचा बराच पैसा त्यातच जातो. शिवाय आपला पौड रोड भुसारी कॉलनीकडून वनाजला उताराचा आहे. जाताना सगळे आनंदाने जातील, येताना रिक्षा करतील. पॅरिसच्या व्हेलिब या शेअर सायकल योजनेलाही हाच त्रास झाला. उंचावरची स्टेशनं रिकामी पडायची आणि खालची भरून जायची. त्यांनी उंचावरच्या स्टेशनवर सायकल नेऊन लावणाऱ्याला १५ मिनिटं जादा फुकट द्यायला सुरुवात केली.

बी-६०२ : उलट दिशेने येणारी माणसं आपल्याकडे आहेत की! सकाळी सात ते आठ या वेळात कामाच्या मावशी, स्वयंपाकाच्या ताई, ड्रायव्हर, दिवसपाळीचे वॉचमन, बरेचसे वनाजला बसमधून उतरून चढ चढत येतात. त्यांनी सायकली वर आणल्या तर साडेआठला त्याच सायकली तुम्हाला खाली न्यायला मिळतात.

ए-७०१ : काका, पण खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समधून आणि वापर बाहेरच्यांचा, यावर मीटिंगमध्ये नक्की आवाज उठणार.

सी-३०३ : काकांचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि मीटिंगमध्ये तो आकड्यांनी मांडावा. रात्री सगळ्या दहा सायकली वनाजच्या बाजूला आहेत असं धरा. सात ते आठ, वर. साडेआठ ते साडेनऊ, मेंबर खाली. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, मेंबर वर. त्यानंतर स्वयंपाकाच्या ताई आणि पाळी संपलेले वॉचमन खाली. झाल्या चार फेऱ्या, टेम्पो नाही की जादा माणूस नाही. 'फक्त मेंबरांसाठी' अशी पाटी लावली की पुन्हा दोनवर येतो. मावशी-वॉचमनना सायकल देणं म्हणजे उपकार नव्हे. त्यांनी ती वर आणली नाही तर सकाळी तुमच्यासाठी गेटवर सायकलच नसेल. दुपारी घरी जाणाऱ्या मावशींना मात्र सायकल मिळणार नाही, ते त्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

सी-१०२ : एवढा खटाटोप कशाला? ॲपवर भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीला गेटबाहेर झोन, म्हणजे गाड्या घ्यायची-लावायची जागा, द्यायला सांगू.

डी-२०१ : झोन कुठे द्यायचा ते कंपनी ठरवते आणि मागणी कमी वाटली की काढूनही घेते. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंधपासून सुरुवात झाली. २०१८ मध्ये पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा चार कंपन्यांच्या सायकली रस्त्यावर होत्या. मोडतोड, चोरी, फुटपाथवर ढीग, दुरुस्तीला माणसं अपुरी. ओफोने २०१८ मध्येच भारत सोडला आणि बाकीच्यांच्या साध्या सायकलीही पुढे दिसेनाशा झाल्या. युलू विजेच्या गाड्यांकडे वळली. त्याच २०१७ मध्ये म्हैसूरला 'ट्रिन ट्रिन' सुरू झाली ती ४५० सायकलींवर, ठरलेल्या स्टँडवरून घ्यायची आणि ठरलेल्या स्टँडवरच लावायची अशी. आपण ठरलेल्या दोन जागांचाच नियम ठेवावा. 'मध्येच किराणा दुकानापाशी सोडली' हे एकदा चालवून घेतलं की संपलं.

बाकी विजेच्या गाड्या चढाला उत्तम. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीची मर्यादा असेल तर लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही. ज्यांना ॲपवरची अशी गाडी वापरायची आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. फेरी संपवताना गाडी उघड्यावर लावा, इमारतीला चिकटून किंवा पुलाखाली नको. तिथे जीपीएस पंधरा-वीस मीटर सहज सरकतं आणि ॲप तुम्हाला झोनबाहेर धरून दंड लावतं. फोनचं ब्लूटूथ फेरी संपेपर्यंत चालू ठेवा. 'फेरी संपली' हा मेसेज दिसल्याशिवाय हलू नका, त्याचा स्क्रीनशॉट आणि गाडीचा एक फोटो घ्या. पैसे जास्त कापले गेले तर कस्टमर केअरला दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

ए-५०४ : कुलपाचं काय ठरलं? चावी गेटवर ठेवली तर वनाजला कोण देणार?

सी-३०३ : चार आकडी केबल लॉक, नंबर बदलता येणारं. नंबर दर रविवारी बदलायचा. चीनमध्ये ओफोच्या सुरुवातीच्या सायकलींचं कुलूप यांत्रिक होतं आणि प्रत्येक सायकलचा नंबर कायमचा ठरलेला. एकदा नंबर कळला की ॲपशिवाय, पैसे न देता कोणीही ती सायकल वापरू शकत होता.

ए-५०४ : आणि कुलूप लावल्यावर चारही चकत्या फिरवा. बहुतेक लोक फक्त शेवटचा आकडा एक घर सरकवतात. मग नऊ प्रयत्नांत कुलूप उघडतं. केबल मागच्या चाकातून आणि फ्रेमच्या दांड्यातून अशी दोन्हींतून घालायची. नुसत्या पुढच्या चाकातून घातली तर चाक सोडून उरलेली सायकल जाते. ज्या सायकलींना मागच्या चाकाचं गोल कुलूप आधीच आहे तिथे पट्टी कधी कधी पूर्ण सरकत नाही. मध्ये स्पोक आलेला असतो. जोर लावू नका, चाक दोन बोटं पुढे ढकला, की आपोआप बसतं. जोर लावून स्पोक वाकला की चाक डुलायला लागतं आणि ब्रेकला घासतं.

बी-६०२ : आता दुरुस्ती. २३ मधून दहा निवडताना गिअरच्या सायकली सोडून द्या. स्टँडवर एक पडली की शेजारच्या चार पडतात आणि मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर वाकतो. मग चेन स्पोकमध्ये शिरते. साध्या, एकाच गिअरच्या, आणि सगळ्या २६ इंची घ्या. मग एकच मापाची ट्यूब, एकच मापाचे ब्रेक शू, दोन-दोन नग कपाटात ठेवले की पुरे. मुलांच्या लहान सायकली बाजूला काढा. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः पॅडलच्या दांड्याजवळ, रंग फुगून खाली गंज असेल तर ती सायकल भंगारातच द्या.

ट्यूब सगळ्या मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हच्या टाका. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबरी नळी असते. ती कडक झाली की पंक्चर नसतानाही रात्रीत हवा जाते आणि पेट्रोल पंपाची नळीही तिला बसत नाही. नव्या व्हॉल्व्हला पंपावर हवा भरता येते. टायरच्या बाजूला दाब छापलेला असतो, बहुधा ४० ते ६५ पीएसआय, आपण ५० ठेवू. आठवड्यातून एकदा हवा भरली तर निम्मे पंक्चर होतच नाहीत. हवा कमी असलेल्या टायरची ट्यूब खड्ड्यात रिमच्या दोन्ही कडांवर चिरडते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. ती पंक्चरवाल्याकडे नेली की समजायचं, काच नव्हती, हवा नव्हती.

दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेकच्या वायरी आणि शू, चेन, ओव्हरहॉलिंग असं सगळं धरून एका सायकलमागे हजार ते दीड हजार धरा. चेनकव्हर पूर्ण हवं, अर्धवट नको. सलवार, दुपट्टा, पँट सगळं चेनमध्येच अडकतं.

डी-२०१ : सायकल घेण्याआधी एवढं बघायची सवय लावू. दोन्ही टायर अंगठ्याने दाबायचे, दबले तर दुसरी घ्यायची. दोन्ही ब्रेक आवळायचे, लिव्हर मुठीला टेकता कामा नये, अंगठ्याएवढी फट राहिली पाहिजे. सायकल दोन पावलं ढकलून मागचा ब्रेक दाबा, चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. आपल्याकडे उतार आहे, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. पावसात रिम ओली असते, पहिले एक-दोन वेढे ब्रेक नुसता पाणी पुसतो. म्हणून उतारावर आधीपासून हलका दाब ठेवायचा. सीटची उंची : टाच पॅडलवर, पॅडल सगळ्यात खाली, गुडघा सरळ झाला की बरोबर. सीटच्या दांड्यावर रंगाने १ ते ५ खुणा केल्या तर दोन सेकंदांत जमतं.

आणि बिघडलेली सायकल ओळखू यावी म्हणून पॅरिसमध्ये लोक करतात ते करू. सीट उलटी फिरवून ठेवायची. लांबूनच कळतं, ॲप लागत नाही, लिहिता-वाचता यावं लागत नाही. सीट उलटी दिसली की ती कोणी घ्यायची नाही.

सचिव, ए-१०४ : वनाजला जागेचं काय? मेट्रोच्या खांबाला बांधून चालणार नाही.

सी-३०३ : स्टेशनजवळची एखादी सोसायटी किंवा दुकानदार, महिन्याच्या भाड्याने. शटर बंद झाल्यावरही उजेड राहील अशी जागा. शेअर योजनांत स्टँडच्या जागा सायकलींपेक्षा बऱ्याच जास्त ठेवतात, म्हणजे आलेल्याला लावायला जागा मिळतेच. आपल्याला दोन्हीकडे दहा-दहा पुरतील, कारण सायकलीच दहा आहेत. पण एकाच ठिकाणी दहाही मावल्या पाहिजेत, सहाची जागा बघून येऊ नका.

ए-७०१ : पटलं. सात ते आठमध्ये वनाजकडून कोण कोण येतं आणि त्यातल्या कोणाला सायकल येते, याची यादी मी उद्या गेटवर बसून करते. फक्त एक, बऱ्याच मावशी साडीत असतात.

बी-६०२ : म्हणूनच आडवा दांडा नसलेल्या फ्रेमच्या सायकली आधी घ्या. शहरांतल्या बहुतेक शेअर सायकली तशाच असतात, तुमच्या-आमच्या गुडघ्यांनाही त्याच बऱ्या. २३ मध्ये अशा सात दिसतात, बाकी तीन बघू. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यायची, पदर स्पोकमध्ये जाणार नाही. सचिव, ओव्हरहॉलिंगच्या अंदाजात ती नाही, वेगळी धरा.

सचिव, ए-१०४ : धरली. या सात सायकलींना उद्या लाल टॅग लावतो, आणखी तीन ठरल्या की त्या सोडून बाकीच्या भंगारवाल्याला दाखवेन.