कचराडेपो उपसायला ४ कोटी डॉलर: बरोबर होतं का?

प्राजक्ता_विनिपेग:
५ मे आला की इथे कॅनडात, विनिपेगला, झाडांना हँगरवर लाल ड्रेस टांगतात. पहिल्या वर्षी वाटलं, कुणीतरी कपडे वाळत घातलेत! एकाची बाही फांदीत अडकली होती, वारा आला की नुसती ताणली जायची. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, हे बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या मूलनिवासी बायकांसाठी. १९८० ते २०१२ मधल्या १,१८१ केसेस कॅनडाच्या पोलिसांनीच २०१४ साली मोजल्या. देशातल्या बायकांत या जेमतेम ४ टक्के, खून झालेल्यांत १६ टक्के.

आता आमच्या शहराचं. २०२२ साली एकाच माणसाने चार मूलनिवासी बायकांना मारलं. दोघी शहराबाहेरच्या प्रेअरी ग्रीन कचराडेपोत आहेत हे पोलिसांना माहीत होतं, तरी डिसेंबरात त्यांनी 'शोध शक्य नाही' म्हणून हात वर केले. घरच्यांनी मानवी हक्क संग्रहालयाजवळ तंबू ठोकला. (जागा काय निवडली बघा.) २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी 'खोदकाम नाही म्हणजे नाही' अशी जाहिरात केली आणि हरले. विरोधी पक्षाचे वॉब किन्यू यांचं सरकार आलं, प्रांताने आणि केंद्राने २-२ कोटी डॉलर दिले. डिसेंबर २०२४ ला शोध सुरू झाला, मार्च २०२५ पर्यंत दोघींची ओळख पटली.

माझ्या मते पैसा सत्कारणी लागला. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी_माणूस:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. नाही पटलं. वर बारा मीटर चिखलमाती, आत ॲस्बेस्टॉस, आणि गेलेलं माणूस काही परत येत नाही. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला हायवे १६ घ्या, प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट, सातशेच्या वर किलोमीटर. लोक त्याला अश्रूंचा महामार्ग म्हणतात. गाडी नाही, बस नाही, म्हणून रस्त्यावर लिफ्टसाठी अंगठा दाखवून उभ्या राहिलेल्या मुली तिथून गायब झाल्या. २००६ साली लोकांनी बस मागितली, ती धावली २०१७ ला. हे ४ कोटी जिवंत मुलींच्या बसला द्या, निवाऱ्याला द्या.

रानजाई:
काका, २००६ ते २०१७ कुठला डेपो खोदत होते? एक पैसा शोधावर गेला नव्हता, तरी बस नव्हतीच. तेव्हा हे दोन खर्च एकमेकांसमोर उभे करू नका.

नदीकाठचा:
मला ड्रेसबद्दलच शंका आहे. २०१९ ला राष्ट्रीय चौकशी आयोगाने २३१ मागण्या मांडल्या, या प्रकाराला वंशसंहार म्हटलं. पुढे काय? पुढारी ५ मेला लाल रिबीन लावून फोटो काढतात. जागृती झाली, आता घरी जा.

प्राजक्ता_विनिपेग:
@नदीकाठचा, रिबिनीचा राग मलाही येतो. पण तंबूतल्या मुलींनी रिबीन लावून फोटो काढला नाही, सरकार बदलेपर्यंत विषय सोडला नाही.
@हिशेबी_माणूस, शोध कसा झाला सांगते. डेपोवर शेड उभारली, कचरा जमिनीवर पसरला आणि माणसं दाताळी घेऊन तो पातळ करत बघत गेली. आणि चौघींपैकी एकीचे अवशेष जून २०२२ मध्ये दुसऱ्या डेपोत पोलिसांनीच शोधून काढले होते. म्हणजे जमत होतं.

हिशेबी_माणूस:
बसचा मुद्दा अर्धा मान्य. पण ताई, तुम्ही एक गाळलंत. त्या दुसऱ्या डेपोत ट्रक लगेच थांबवता आले. प्रेअरी ग्रीनमध्ये कळेपर्यंत महिना उलटून गेला होता, वर हजारो गाड्या रिकाम्या झाल्या होत्या.

रानजाई:
महिना उलटला होता, खरंय. पण पोलिसांना अंदाज आला जूनमध्ये आणि घरच्यांना सांगितलं डिसेंबरात. मधल्या सहा महिन्यांत त्या घरच्यांनी काय केलं असेल, ते कुठल्या हिशेबात धरणार?