जेम्स स्किनरला नमकहराम म्हणता येईल का?

लष्करवासी (ग्वाल्हेर)
शिंद्यांच्या कवायती फौजेविषयी मला आमच्या वाचनकट्ट्यावर बोलायचे आहे आणि जेम्स स्किनर, म्हणजे सिकंदरसाहेब, याच्यापाशी माझे गाडे अडले आहे. सात-आठ वर्षे शिंद्यांचे मीठ खाऊन १८०३ च्या शिंदे-इंग्रज युद्धाला तोंड लागताच तो इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक याच्याकडे गेला, त्यामुळे कट्ट्यावरील काहींना तो सरळसरळ नमकहराम वाटतो. जाणकारांचे मत काय आहे?

जुनी सनद (ग्वाल्हेर)
निवाडा देण्याआधी घटनांचा क्रम पाहावा. स्किनरचे वडील स्कॉटिश, आई राजपूत. १७९१ नंतर अशा मुलांना कंपनीच्या फौजेत अधिकारपदाची वाट बंद झाली होती, म्हणून तो द बॉइन्य या युरोपीय सेनानीने शिंद्यांसाठी उभ्या केलेल्या कंपूत (कवायती पलटणींच्या फौजेत) आला. १८०० मध्ये उनियाराच्या लढाईत जबर जखमी होऊन तो रणांगणावर पडून राहिला आणि दिल्लीचे सेंट जेम्स चर्च त्याच वेळच्या नवसाचे, असे सांगतात.

१८०३ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या सेवेतील इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावले, तेव्हा काहींनी इंग्रजांविरुद्ध लढण्यास नकार दिला आणि शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रज व मिश्र वंशाच्या सगळ्याच अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. मला राहू द्या, अशी स्किनरने केलेली विनंतीही त्याने मानली नाही. (हाच पेराँ ४ सप्टेंबरला अलीगढ पडल्यानंतर काही दिवसांतच स्वतः लेकच्या आश्रयाला गेला!) पुढे शिंद्यांकडून फुटून आलेल्या घोडेस्वारांचे नेतृत्व स्किनरने स्वीकारले, तेही शिंद्यांविरुद्ध आपल्याला लढायला लावू नये या अटीवर. ज्याला धन्याच्या सेनापतीनेच दाराबाहेर काढले, त्याच्यावर बेइमानीचा ठपका ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

आणखी एक. भाषणात स्किनरला ग्वाल्हेरच्या आपल्या ‘लष्कर’ वस्तीत आणू नका. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली ती १८१० च्या सुमारास.

राजवाड्याशेजारी (इंदूर)
आमच्याकडचे उदाहरण शेजारी ठेवून पाहा. व्हिकर्स हा इंग्रज वंशाचा अधिकारी १८०२ मध्ये पुण्याच्या लढाईत यशवंतराव होळकरांच्या बाजूने लढला होता. १८०४ मध्ये इंग्रजांशी युद्ध उभे राहताच त्यांच्याशी संधान असल्याच्या आरोपावरून त्याचा आणि आणखी दोघांचा शिरच्छेद झाला. होळकरांची अडचणही समजून घ्यावी लागते, कारण कंपनीने शेजारच्या फौजेतले अधिकारी नुकतेच कसे फोडले हे त्यांनी पाहिले होते. पण त्या वर्षी कोणाच्या चाकरीपेक्षा त्याच्या जन्माचाच हिशेब आधी झाला, हे आपल्या लोकांनी मान्य करायला हवे.

लष्करवासी (ग्वाल्हेर)
दोघांचाही आभारी आहे. स्किनरवरचा शब्द मागे घेतो. पेराँसाठी तो राखून ठेवावा का, हे भाषणाच्या दिवशी कट्ट्यालाच विचारीन.