मदत हवी आहे: गिनी-बिसाऊच्या काजूचा पैसा नेमका जातो कुठे?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमची काजूची बाग आहे. बीचा भाव पडला की आमच्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: "आफ्रिकेची बी आली." पुढच्या आठवड्यात बागायतदारांच्या बैठकीत मला यावरच वीस मिनिटं बोलायचं आहे. त्या बीला नुसती नावं ठेवून खाली बसायचं नाही, म्हणून एकच देश धरून वाचायला घेतला.

गिनी-बिसाऊ सेनेगल आणि गिनीच्या मधे आहे, वस्ती २० लाखांच्या आसपास. १९७४ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. ब्राझीलचा काजू गोव्यात आणला तो त्यांनीच. देशाच्या निर्यातीत ९० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कच्च्या काजू बीचा, आणि ती बहुतेक सगळी भारत आणि व्हिएतनामला जाते. बागा आमच्यासारख्याच, लहान शेतकऱ्यांच्या. बीही चांगली, ८० किलोच्या पोत्यामागे गराचा उतारा उत्तम पडतो.

तरीही शेतकरी गरीब तो गरीबच. आणि सरकार? ऑक्टोबर २०२३ मध्ये बिल थकलं म्हणून तुर्की कंपनीच्या वीजजहाजाने (जहाजावरच बसवलेल्या वीजकेंद्राने) पुरवठा तोडला आणि राजधानी बिसाऊ अंधारात बुडाली! शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, तिजोरीत नाही, मग जातो कुठे? आम्ही इथे किलोला २०० रुपये हमीभाव मागतो, तसा भाव तिथलं सरकार का बांधून देत नाही? कुणाला आतली माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, आयात बीच्या व्यवहारात मी बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

भाव ते दरवर्षी जाहीर करतात. २०१८ मध्ये किलोला १००० सेफा फ्रँक (तिथलं चलन) जाहीर केला होता, तेव्हाचे साधारण १२० रुपये. पण तो भाव देऊन माल उचलायला सरकारपाशी ना पैसा, ना गोदामं. खरेदीदारांनी हात आखडता घेतला, हंगाम अडकला आणि शेवटी भाव खाली आणावा लागला. खरेदीची ताकद पाठीशी नसेल तर जाहीर भाव कागदावरच राहतो. बैठकीत हे जरूर सांगा.

आता कराचं. निर्यात कर मोजण्यासाठी सरकार टनामागे एक किंमत डॉलरमध्ये आधीच ठरवतं. बाजार त्याखाली घसरला तरी कर त्याच किमतीवर लागतो. निर्यातदार तो स्वतः सोसत नाही. कर, वाहतूक, बंदराचा खर्च, सगळं वजा करून उरेल तो भाव तो गावात देतो. म्हणजे कर भरतो शेतकरीच. कर फार वाढवला की बी रातोरात सीमेपलीकडे सेनेगलला जाते आणि तिजोरीला तेवढंही मिळत नाही.

जे जमतं त्यातला मोठा हिस्सा पगारात जातो. पश्चिम आफ्रिकेत एकच चलन वापरणाऱ्या देशांचा चलनसंघ आहे, गिनी-बिसाऊही त्यात आहे. त्याचा दंडक आहे की पगारखर्च करउत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवा. तिथे तो कित्येक वर्षं निम्म्याच्याही वर राहिलाय. १९९७ पासून चलन सेफा फ्रँक, त्याची युरोशी सांगड घातलेली, सगळ्या संघाची मिळून एक मध्यवर्ती बँक, तीही सेनेगलच्या राजधानीत, डाकारला. त्यामुळे नोटा छापून वेळ मारून नेता येत नाही. चलनसंघाच्या बाजारात रोखे विकून कर्ज उचलायचं, आणि पुढच्या हंगामाच्या पैशातून त्याचं व्याज भरायचं.

खरा फायदा गरात आहे, पण बी तिथे फोडली जाते ती अगदी थोडी. जिथे राजधानीलाच विजेचा भरवसा नाही, तिथे कारखाना हंगामभर कसा चालवणार? शिवाय बी आधी साठवून ठेवायला भांडवल लागतं, ते स्थानिक उद्योजकाला मिळत नाही. बाहेरून आलेला खरेदीदार रोख घेऊनच उतरतो.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. कर शेतकऱ्याच्याच भावातून कापला जातो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता बैठकीत बोलायची सुरुवात तिथूनच करते. अजून एक सांगा. तिथे तांदळाच्या बदल्यात बी देतात असं वाचलं. माप कसं धरतात?

प्रतिसाद:

वजनाला वजन. भात त्यांचं मुख्य अन्न, पण घरचा तांदूळ वर्षभर पुरत नाही. नेमक्या त्या ओढीच्या दिवसांत बी पडायला लागते आणि व्यापारी बाहेरदेशच्या तांदळाची पोती घेऊन गावात येतो. बऱ्या वर्षी किलोला किलो. २०१२ च्या एप्रिलमध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, लष्कराने बंड केलं. त्यानंतरच्या पडत्या भावात एक किलो तांदळाला दीड-दोन किलो बी मोजून द्यावी लागली.