निवृत्तीला 18 महिने उरलेत आणि बाजार पडलाय: पेन्शनचे पैसे आत्ता हलवावेत का?

सुट्टीची_वाट:
पेन्शनचा निधी 70 टक्के शेअर आणि 30 टक्के रोखे असा होता. शेअर 25 टक्के उतरले, रोखे जागेवर आहेत. ठरावीक पेन्शन नाही, जे काही आहे ते याच निधीतून. पडझडीआधीच्या रकमेच्या 5 टक्के दरवर्षी लागतील. सगळं काढून मुदत ठेवीत टाकू का?

वजाबाकी:
आधी आकडे आजचे करून घ्या. मूळ निधी 100 धरला तर शेअरचे 70 आता 52.5 झाले, रोखे 30. म्हणजे 82.5, आणि विभागणी आपोआप 64-36 वर आलीय. तुमचे 5 टक्के आजच्या निधीचे 6 टक्के झालेत. बाजार कधी वर येईल यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

पैसे भरत असतो तोवर पडझडीत युनिट स्वस्त मिळतात. काढायला लागलं की गणित उलटतं: 500 काढायला 100 च्या भावाने 5 युनिट जातात, 70 च्या भावाने 7.14. भाव पुन्हा 100 झाला तरी जादा विकलेली युनिट गेली ती गेलीच.

परताव्याचा क्रमही बघा. तीन वर्षांत -30, +10, +30 टक्के. काहीच काढलं नाही तर क्रम कसाही लावा, 100 चे 100.1 होतात. दरवर्षी सुरुवातीला 5 काढले तर पडझड आधी आल्यास 81.4 उरतात, शेवटी आल्यास 87.7. फरक सव्वा वर्षाच्या खर्चाएवढा.

कासवगती:
तुमच्या रोख्यांत 30 भाग आहेत, म्हणजे 6 वर्षांचा खर्च. महागाई धरली तर थोडा कमी. मग आज शेअर विकायची घाई कशाला? पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्च अल्पमुदतीच्या रोख्यांत किंवा ठेवीत वळवा, तोही रोख्यांतूनच.

मात्र रोखे कसले आहेत ते तपासा. फंडाच्या माहितीपत्रकात मॉडिफाइड ड्युरेशन दिलेलं असतं. ते 7 असेल तर व्याजदर 1 टक्क्याने वाढल्यावर भाव साधारण 7 टक्के पडतो. 2022 मध्ये अमेरिकेत शेअर आणि रोखे दोन्ही एकदमच आपटले होते.

सुट्टीची_वाट:
रोखे संपेपर्यंत शेअर सावरलेच नाहीत तर? आणि 4 टक्क्यांच्या नियमाचं काय?

वजाबाकी:
तसं होऊ शकतं. जपानच्या निक्केई या शेअर निर्देशांकाने 1989 च्या डिसेंबरातली पातळी थेट 2024 च्या फेब्रुवारीत ओलांडली (लाभांश सोडून). म्हणून शेअर एकाच देशाचे नकोत.

4 टक्क्यांचा आकडा आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी 1994 साली अमेरिकेतल्या जुन्या परताव्यांवरून काढला. पहिल्या वर्षी निधीच्या 4 टक्के, पुढे तीच रक्कम महागाईनुसार वाढवत 30 वर्षं. दरवर्षी शिल्लक रकमेच्या 4 टक्के असा तो नियम नाही, इथे बऱ्याच जणांची गफलत होते. तुमचे 6 टक्के त्याच्या दीडपट आहेत.

कासवगती:
म्हणून निवृत्ती वर्षभर पुढे ढकलता येते का ते बघाच. एक हप्ता काढायचा वाचतो आणि भरणा चालू राहतो. नाहीच जमलं तर पडझडीच्या वर्षात महागाईची वाढ घेऊ नका. आणि अॅन्युइटी (विमा कंपनीला रक्कम देऊन आयुष्यभर ठरावीक पेन्शन) घ्यायची झालीच तर पूर्ण रक्कम एकाच दिवशी गुंतवू नका. त्या दिवशीचा दर आयुष्यभरासाठी पक्का होतो.