कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवणारी माणसं आणि त्यांची पार्टटाइम नोकरी - तुमचं काय मत?

मेधा_ईस्टबे:
परवा जेवताना एक जण सहज बोलून गेले की कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवणारे म्हणजे युनिव्हर्सिटीने ज्यांना घेतलं नाही ते. डोक्यात गेलं माझ्या, म्हणून लिहितेय. इथे कॅलिफोर्नियात आपल्याच लोकांची कितीतरी मुलं दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून मग डेव्हिस नाहीतर सॅन होजे स्टेटला जातात, फी वाचली म्हणून घरात सगळे खूश, पण पोराला एक मुद्दा धरून सलग चार पानं लिहायला कोणी शिकवलं ते कोणी विचारत नाही.

माझी नणंद तिथे शिकवते. एमए आहे, अनुभव भरपूर आहे, आणि अजूनही ॲडजंक्ट, म्हणजे कायम नसलेली पार्टटाइम शिक्षिका, पुढच्या सेमिस्टरला वर्ग मिळेल की नाही ते दर वेळी नव्याने कळणार. कायदा असा आहे की एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच कारभाराखालच्या कॉलेजांमध्ये, पार्टटाइमरला फुलटाइमच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. हेतू चांगला होता, स्वस्तातल्या माणसांवर सगळं भागवू नये हा. झालं उलटंच, कॉलेजं जास्त पार्टटाइमर घेतात आणि ही माणसं दोन-दोन डिस्ट्रिक्ट धरून गाडी पळवत असतात, त्यांना तर फ्रीवे फ्लायर असंच नाव पडलंय. १९८८ च्या एबी १७२५ (एबी म्हणजे राज्याच्या असेंब्लीतलं बिल) कायद्यात ध्येय ठेवलं होतं की क्रेडिटचं, म्हणजे डिग्रीला धरलं जाणारं, ७५ टक्के शिकवणं फुलटाइम लोकांनी करायचं, ते राज्यभरात आजही गाठलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या वर्षाचं इंग्रजी हा कॉलेजातला सगळ्यात अवघड वर्ग आहे आणि तोच आपण ज्याला बसायला धड खोली नाही त्याच्यावर सोपवतो.

श्रीधर_सनीवेल:
मेधाताई, तुमच्या नणंदेबद्दल आदर आहे पण मला हे पटत नाही. इंग्रजीत एमए केलेले लोक भरपूर आणि जागा कमी, हे शिकायला जातानाच माहीत असतं ना? इथे फी ४६ डॉलर पर युनिट आहे, २०१२ पासून तेवढीच, आणि ती तेवढीच राहावी असं आपल्या सगळ्यांना वाटतं. मग पैसा कुठून येणार? विद्यार्थी कधी वाढतात कधी घटतात, २०२० नंतर केवढी घट झाली ते आठवा, सगळे कायम केले तर कॉलेजने काय करायचं. आणि पार्टटाइमर सगळेच नाइलाजाने आलेले नसतात हो. माझ्या मुलाला लिहायला शिकवलं ते दिवसा दुसरी नोकरी करणाऱ्या आणि संध्याकाळी एकच वर्ग घेणाऱ्या बाईंनी, आणि त्यांना तेच सोयीचं होतं.

मेधा_ईस्टबे:
श्रीधरजी, एकच वर्ग हौसेने घेणाऱ्या बाई मलाही माहीत आहेत, पण चार-चार वर्ग घेऊन पोट भरणाऱ्यांचं काय. साधा हिशोब करा. एका वर्गात २५ मुलं धरली तर चार वर्गांची १००. एका निबंधाला २० मिनिटं म्हटली तरी एका खेपेचे तेहतीस तास होतात, आणि अशा खेपा सेमिस्टरला चार-पाच. पगाराचा हिशोब मात्र वर्गातल्या तासांवर.

आणि ही २० मिनिटं म्हणजे स्पेलिंगवर लाल गोल मारणं नव्हे. नणंदेच्या वर्गात एक मुलगा होता, रात्री नर्सिंग होममध्ये काम करून सकाळी यायचा. निबंधाचा विषय होता कामाच्या जागी कोणाचं ऐकलं जातं. त्याने पहिलं अख्खं पान 'आजच्या समाजात संवादाला महत्त्व आहे' वगैरे लिहून घालवलं होतं आणि तिसऱ्या पानावर मध्येच एक वाक्य, की आजीबाई जेवत नाहीत हे पहिलं मला कळतं पण चार्टवर मी लिहू शकत नाही. हिने त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, तुझा निबंध इथून सुरू होतो, आता सांग कोणी लिहू दिलं नाही आणि त्याने काय झालं. मुलगा भेटायला आला तेव्हा दोघं बसली कुठे, तर कॅन्टीनमध्ये, कारण हिला ऑफिस नाही. हे काम दुसऱ्या कॉलेजला पोचायच्या घाईत होत नाही.

वरून एबी ७०५ हा कायदा आला. पूर्वी कच्च्या मुलांना खालच्या रेमेडियल वर्गात बसवायचे, आता जवळजवळ सगळी थेट ट्रान्सफर लेव्हलला, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत धरल्या जाणाऱ्या वर्गात. म्हणजे वर्ग अवघड केला आणि शिकवणारा तसाच ठेवला.

आसावरी_फ्रीमाँट:
इथे मात्र मी मेधाच्या विरुद्ध आहे. एबी ७०५ ला नावं ठेवू नका प्लीज. मी स्वतः लग्नानंतर इथे येऊन कम्युनिटी कॉलेज केलंय, त्या काळात कोण कुठल्या वर्गात बसणार ते एका प्लेसमेंट टेस्टवर ठरायचं, आणि माझ्याबरोबरच्या मुली खालच्या वर्गात अडकल्या त्या वर येईपर्यंत कॉलेज सोडून गेल्या, पैसे आणि वर्ष दोन्ही गेलं. २०१७ चा कायदा काय म्हणतो, तर एका वर्षात ट्रान्सफर लेव्हलचं इंग्रजी पार होण्याची शक्यता जास्तीत जास्त ठेवा, आणि हायस्कूलचे मार्क बघा. बरोबरच आहे. मुलं कच्ची म्हणून वर्ग अवघड झाला हे शिक्षकांच्या बाजूने बोलताना सुद्धा म्हणू नये.

मेधा_ईस्टबे:
आसावरी, मुलांना थेट वर घ्यायला माझा विरोध नाहीच. पण त्याच कायद्याने जोडीला सपोर्टचा वर्ग ठेवता येतो, तो नीट चालवायचा तर मुलामागे वेळ लागतो, आणि तो वेळ पार्टटाइमरला पगारात कुठे धरलेला असतो ते दाखव.

विनायक_नांदेड:
मी महाराष्ट्रात सीनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास आहे. दर वर्षी नव्याने मुलाखत, नव्याने ऑर्डर, मानधन कित्येक महिने रखडतं आणि उन्हाळ्यात काहीच नाही. तुमच्याकडे निदान युनियन आहे, आणि कॅलिफोर्नियात १९८९ च्या कोर्टाच्या सर्व्हिसी निकालापासून दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत ॲडजंक्टला बेरोजगारी भत्ता मागता येतो. आम्हाला तसं काहीच नाही. तुमचं दुःख खोटं आहे असं म्हणत नाही, पण वर्ग तुमचाही इंग्रजीचा आणि माझाही, माझ्या वर्गात तर पहिल्यांदाच कॉलेजात आलेली खेड्यातली मुलं, आणि दोन्हीकडे तोच विषय सगळ्यात स्वस्तात शिकवून घेतात.

श्रीधर_सनीवेल:
विनायकराव, तुमची परिस्थिती खरंच वाईट आहे आणि ती बदललीच पाहिजे. पण त्यावरून इथे काही होत नाही असं दिसू नये. २०२२ च्या बजेटमध्ये पार्टटाइमरच्या आरोग्य विम्यासाठी राज्याने वर्षाला २० कोटी डॉलर ठेवलेत. जिल बायडन फर्स्ट लेडी असताना सुद्धा नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीच शिकवत होत्या, त्यामुळे या कामाला मान नाही असंही नाही.

केतन_सॅक्रामेंटो:
मान नको हो, वर्ग टिकू द्या! माझी बायको ऑनलाइन इंग्रजी घेते. आता फायनान्शियल एडचे, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीचे, पैसे लाटायला खोटे विद्यार्थी भरतात, सगळ्या राज्यात हा त्रास आहे. पहिल्या आठवड्यात ती एकेकाला मेल करून खरा माणूस आहे का बघते, खोटे काढून टाकते, आणि मग संख्या कमी पडली म्हणून वर्गच रद्द होण्याची भीती. किंवा फुलटाइमरचा वर्ग भरला नाही तर तो हिचा उचलतो. त्यात एआयने लिहिलेले निबंध ओळखत बसायचं, त्याचे पैसे कोण देणार? आणि ती ६७ टक्क्यांची मर्यादा ८५ पर्यंत न्यायचं बिल २०२२ मध्ये पुन्हा गव्हर्नरने व्हेटो केलं. श्रीधरजी, तुम्ही हौशी बाईंचं उदाहरण देता पण नियम मात्र पोट भरणाऱ्यांच्या मुळावर येतात.

श्रीधर_सनीवेल:
केतन, व्हेटोचं कारण खर्च हेच होतं, मी तेच म्हणतोय. मर्यादा वाढवली की विमा आणि बाकी सगळं डिस्ट्रिक्टवर येतं.

मेधा_ईस्टबे:
मग खर्चाचंच बोलू. कायद्याने डिस्ट्रिक्टने शिक्षणाच्या खर्चातला निम्मा भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर घालायचा असतो. उरलेल्या निम्म्यात डीन, व्हाइस प्रेसिडेंट, सल्लागार सगळे येतात. मला नवीन टॅक्स नकोय. पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या प्रत्येक वर्गामागे पार्टटाइमरला आठवड्याला दोन तास पगारी ऑफिस अवर्स, म्हणजे मुलांना भेटायची वेळ, आणि एक खोली, एवढं त्या दुसऱ्या निम्म्यातून काढा. डिस्ट्रिक्टचा कारभार बघणारे आपले ट्रस्टी मतदानाने निवडून येतात, बैठकीत कोणीही उठून बोलू शकतं. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे, ईस्ट बेमधलं कोणी येत असेल तर मेसेज करा.

श्रीधर_सनीवेल:
ऑफिस अवर्सला माझा पाठिंबा आहे, त्यासाठी येईन. कायम नोकरीच्या मागणीला नाही, ते तिथेही बोलेन.